‘मिक्सर जळला’ म्हणण्याआधी

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक निदान करूनच येतं. "ताई, मोटर जळली." "ताई, कॉइल गेली बघा." मी मान डोलावते आणि एवढंच विचारते, "शेवटचं काय वाटत होता?" मग खरी गोष्ट हळूहळू बाहेर पडते.

मागच्या उन्हाळ्यात एक वहिनी मिक्सर घेऊन आल्या. बरोबर नवीन मिक्सरचा जाहिरातीचा कागदही होता, म्हणजे मनाची तयारी झालेली. शेवटचं काय वाटलं, याचं उत्तर द्यायला जरा आढेवेढे. मग म्हणाल्या, "हळद." आमचा सांगली-मिरजेचा भाग हळदीचा, घरोघरी हळकुंडं असतात, पण हळकुंड म्हणजे दगड. ती मसाला कुटायच्या डंकावर नाहीतर गिरणीत द्यायची. वहिनींचा हिशेब असा, की पावशेर हळदीसाठी कोण डंकावर जाणार. मिक्सर दोन मिनिटं घर्रर्र करत राहिला, जळकट वास आला आणि पातं थांबलं.

मी भांडं काढलं, प्लग लावून बटण फिरवलं. मोटर सुरळीत फिरत होती. गेला होता तो कपलर, म्हणजे मोटरच्या डोक्यावरचा दातेरी गोल तुकडा, ज्यात भांड्याचा खालचा भाग बसतो. त्याचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. तुकडा ५०-६० रुपयांचा आणि काम दहा मिनिटांचं. मोटरवर फार ताण आला की आधी स्वस्तातला तुकडा मरावा, मोटर वाचावी, म्हणून तर तो मऊ बनवतात. वहिनींना आलेला वास त्या दातांचा होता.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी थोडं थांबा. ‘बंद पडलं’ हा काही बिघाड नव्हे. त्याचे तीन प्रकार आहेत आणि आपला कोणता, हे ठरलं की अर्धं काम झालं. पहिला, बटण दाबलं तरी काहीच आवाज नाही, एकदम मढं. याचा अर्थ वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. दुसरा, ‘ऊंऽऽ’ असा गुणगुणल्यासारखा आवाज येतो पण फिरत काही नाही. वीज पोचली, पण मोटर कशात तरी अडकली आहे किंवा तिला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. तिसरा, फिरतं, पण वेगळं फिरतं: हळू, खडखडत, ठिणग्या टाकत, वास मारत. इथे बहुतेक वेळा काहीतरी झिजलेलं असतं.

आमच्या दुकानाच्या मागे सतारमेकर गल्ली आहे. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा नाद, लावताना एकच तार परत परत छेडून कान लावून बसतात. मला मिक्सरसाठी दहा सेकंद पुरतात, पण बसते मी तशीच.

वासाचंही तेच. वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला तर कपलर, वायर किंवा स्विच बघा. त्यातून सहसा निभावतं. पण गोडसर, उग्र, घशाला लागणारा, एकदा आला की स्वयंपाकघरातून संध्याकाळपर्यंत न जाणारा वास हा वाइंडिंगवरच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांवरच्या, वार्निशचा. तो आला असेल तर मात्र गिऱ्हाईकाचं निदान खरं. मग आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) किंवा फील्ड (त्याभोवतीचा स्थिर भाग) बदलायचं की नवा मिक्सर घ्यायचा, याचा हिशेब करावा. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेलेल्या स्वस्तातल्या मिक्सरवर खर्च करू नका, असं मी तोंडावर सांगते. गिऱ्हाईक जातं, पण पुढच्या वेळी परत येतं.

आता उघडण्याचं. प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत कित्येकदा बटण न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर, जोडलेलं सापडतं. बटण बंद, तरी आत फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जिवंत. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवायचा, ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शिस्त. लागतं काय, तर एक फुली आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुना टूथब्रश आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर ३००-४०० रुपयांत मिळतो. दोन टोकं जोडलेली असली की ‘पीऽऽ’ वाजणारं सेटिंग त्यावर असलंच पाहिजे, आपल्याला मुख्यतः तेवढंच लागतं. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. बोर्डाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, म्हणून ‘करंट तर दणदणीत आहे’ म्हणणारे भेटतात. अहो, दोन्हीकडे पेटतो म्हणजे बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय. त्यात यंत्राचा दोष नाही, वायरमन बोलवा.

आणि एक इडलीपात्राची ताटली. हसू नका. प्रत्येक खळग्यात एकेका टप्प्याचे स्क्रू टाकायचे: तळाचे पहिल्यात, स्विचचे दुसऱ्यात. मिक्सरला एकसारखे दिसणारे पण लांबीला वेगळे स्क्रू असतात, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की थेट वाइंडिंगला टोचतो. वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. अण्णांच्या काळी मी वहीत चित्र काढायचे, आता ती भानगड उरली नाही.

पहिल्या प्रकारातला मिक्सर घेऊ, मढ्यासारखा पडलेला. आधी त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी वस्तूंचा बिघाड बोर्डातच निघतो, आणि त्या माणसाने वस्तू पिशवीत घालून इतक्या लांब आणलेली असते. बोर्ड ठीक असेल तर मिक्सर उलटा करा. तळाला एक छोटं, बहुतेक लाल, बटण असतं. ते ओव्हरलोडचं. मोटर तापली की ते आपण होऊन बाहेर येतं आणि वीज तोडतं. मिक्सर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग ते आत दाबा. ‘टक्’ असं बोटाला जाणवलं पाहिजे. लगेच दाबलं तर ते बसतच नाही, आणि मग लोक ‘बटणपण गेलं’ म्हणतात. घरगुती मिक्सर सलग चालवायला बनवलेलाच नसतो. पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं विसावा, असं बहुतेकांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दिवाळीच्या आठवड्यात ते कोण वाचतं म्हणा.

बटण बसलं, तरी मढंच? मग वायर. इथे मला माझी फजिती सांगायलाच हवी. १९ वर्षांची होते. अण्णा गावाला गेलेले, दुकानात मी एकटी. असाच एक न बोलणारा मिक्सर आला. मी तो पूर्ण उघडला, कार्बन (मोटरवर घासणारे तुकडे, पुढे येतीलच) बदलले, तरी चालेना. म्हणून आर्मेचर काढून नवीन टाकलं, तरी चालेना. संध्याकाळी अण्णा आले. त्यांनी मिक्सरला हातही लावला नाही. फक्त वायर जिथून डब्यात शिरते तिथे चिमटीत धरून वाकवली, आणि मिक्सर अर्धा सेकंद भुरर्र झाला. वरचं आवरण धडधाकट, आतली तार तुटलेली. त्या आर्मेचरचे पैसे अण्णांनी गिऱ्हाईकाकडून घेतले नाहीत. माझ्या दिवाळीच्या भाऊबीजेतून वळते केले.

वायर तुटते ती बहुतेक दोनच जागी: प्लगच्या मानेपाशी आणि डब्यात शिरते तिथे. कारण आपण सगळेच मिक्सर ठेवताना वायर त्याच्याभोवती करकचून गुंडाळतो. तपासायला अण्णांसारखं चालू विजेवर वाकवू नका, त्यांचा हात बसलेला होता. प्लग काढूनच ठेवा. तळ उघडा. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं त्याच वायरच्या आतल्या टोकाला लावून बीप ऐकत वायर बोटा-बोटाने वाकवत जा. बीप जिथे तुटतो तिथे बिघाड. तेवढा तुकडा कापून टाका किंवा पूर्ण वायरच बदला. जोडून वर चिकटपट्टी हा उपाय स्वयंपाकघरात, ओल्या ओट्यावर, चालायचा नाही. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. तीन पिनांतली जाड, लांब पिन अर्थची. ती लांब असते, कारण प्लग लावताना तिने सगळ्यांच्या आधी पोचायला हवं.

वायर बरी निघाली तर स्विचमधून पुढे कार्बनकडे जा. मोटरच्या दोन बाजूंना समोरासमोर पितळी नळ्या असतात, त्यांत स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे चौकोनी तुकडे. हे मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तांब्याच्या गोलावर, कम्युटेटरवर, सतत घासत असतात, तेव्हा झिजणारच. लांबी पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आली की बदलायचे, आणि बदलायचे ते जोडीने. एक झिजला, एक बरा आहे म्हणून बरा तसाच ठेवणारे महाभाग आहेत. जुना तुकडा दुकानात घेऊन जा, मापात फरक पडला की नळीत अडकतो नाहीतर डुगडुगतो. कम्युटेटर काळवंडला असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच पुसा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या बारीक फटी टूथपिकने मोकळ्या करा. नवे कार्बन टाकल्यावर भांडं न लावता कमी वेगावर दोन-तीन मिनिटं चालवा. सुरुवातीला बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या बसतात. पण गोलाभोवती पेटलेलं नारिंगी कडं दिसलं तर लगेच बंद करा. ते कार्बनचं दुखणं नाही, आर्मेचरचं आहे.

दुसरा प्रकार, गुणगुणणारा मिक्सर. बटण लगेच बंद करा, कारण अडकलेली मोटर काही सेकंदांत तापते. प्लग काढा, भांडं उचला आणि कपलर बोटाने फिरवून बघा. सहज फिरला तर मोटर मोकळी आहे, दोष भांड्यात. भांडं उलटं करून खालचा तुकडा फिरवा. चटणीच्या भांड्यात मीठ-चिंच सुकून पातं धरून बसतं. कडकडीत पाणी घालून तासभर ठेवलं तर बहुतेकदा सुटतं. पक्कड लावून झटका देऊ नका, पातं वाकतं.

भांड्याबद्दल जरा जास्तच बोलते, कारण मोटरी मरतात त्या भांड्यांमुळे. पात्याच्या दांड्याखाली बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, असतो, तो झिजला की भांडं तळातून झिरपायला लागतं. सुरुवातीला दोन थेंब. भांड्याखाली राखाडी, तेलकट ओघळ दिसतो, तो पुसून आपण पुढे चालू. ते थेंब कपलरवरून मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरतात, बेअरिंग गंजतं, मिक्सर किंचाळायला लागतो, आणि वर्षभरात आर्मेचर जातं. १०० रुपयांच्या आसपासच्या बुशपायी हजाराचा भुर्दंड. तेव्हा महिन्यातून एकदा भांड्यात पाणी भरून वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागद ओला झाला तर बुश बदलून आणा. तो घरी ठोकत बसू नका, तिरका बसला की पातं थरथरतं. आणि मिक्सरच्या डोक्यावर भांडं बसतं त्या खळग्यात बहुतेक ठिकाणी एक भोक असतं, सांडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. तुमच्या मिक्सरचं बघून या. डोशाच्या पिठाने बुजलेलं असेल.

कपलर बदलताना लोक हमखास फसतात, जोर लावून आटे घालवतात. मिक्सर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने कपलर फिरवला की सुटतो. उलट वाटेल, पण विचार करा: मोटर एका दिशेला ओढते, भांड्यातला माल कपलरला मागे धरतो, म्हणजे चालता चालता तो घट्टच होत जायला हवा. सोडवताना दांडा मात्र धरून ठेवावा लागतो. बऱ्याच मिक्सरांत तळ उघडला की दांड्याच्या खालच्या टोकाला चपटी खाच असते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून धरा आणि वरून कपलर पकडीने फिरवा. नाहीच सुटला तर मशीन ऑइलचे दोन थेंब सोडून चहा पिऊन या.

सीलिंग फॅनचं एवढं लांबण नाही. हळू फिरतो, किंवा गुणगुणतो पण सुरू होत नाही, तर दहापैकी आठ वेळा कपॅसिटर, दांड्याच्या कपात बसलेली, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारी छोटी डबी. ओळखायची युक्ती सोपी आहे. फॅन चालू करून पात्याला लाकडी काठीच्या टोकाने हळूच ढकला. ढकलाल त्या दिशेला फिरायला लागला, उलट ढकलल्यावर उलटाही फिरला, तर कपॅसिटर गेलाच. डबीवर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असा आकडा असतो, नवा घ्यायचा तो त्याच आकड्याचा. ‘मोठा टाका, जोरात फिरेल’ हे ऐकू नका, मोटर तापेल. मेन स्विच पाडून मगच शिडीवर चढा, आणि जुन्या डबीच्या दोन्ही वायरी प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकींना टेकवा. तिच्यात थोडा करंट साठलेला असतो. त्याने माणूस मरायचा नाही, पण दचकून शिडीवरून पडेल. खरखर आवाज असेल तर बेअरिंग, बहुतेक फॅनना ६२०१ आणि ६२०२ नंबरची लागतात, पण ते काम फॅन उतरवून करायचं. रिमोटवाल्या बीएलडीसी फॅनला मात्र यातलं काही लागू नाही. त्यात आत सर्किट असतं, ती डबी नसतेच.

इस्त्री आणि गीझरसाठी एक आकडा पाठ करा: ५२,९००. म्हणजे २३० गुणिले २३०, घरातली वीज २३० व्होल्टची म्हणून. याला यंत्रावर लिहिलेल्या वॅटने भागलं की मल्टिमीटरवर किती ओहम (विजेला होणारा अडथळा) दिसायला हवेत ते कळतं. १००० वॅटच्या इस्त्रीला ५३ च्या आसपास, २००० वॅटच्या गीझरला २६ च्या आसपास. इस्त्रीचा प्लग काढून, तिची चकती पूर्ण फिरवून, प्लगच्या दोन बारीक पिनांवर मीटर लावा. आकडा जुळला तर इस्त्री ठीक, बोर्ड बघा. काहीच दाखवत नसेल तर आधी वायरीची मान, मग थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापाला वीज तोडणाऱ्या भागाचे) पॉइंट, मग थर्मल फ्यूज, म्हणजे फारच तापलं तर वीज तोडणारा तुकडा. हा फ्यूज काढून तिथे तारेचा तुकडा जोडलेल्या इस्त्र्या माझ्याकडे येतात. तसं करू नका, थर्मोस्टॅट चिकटला तर इस्त्री थांबवणारं मग कुणी उरत नाही. शेवटी मीटरचं एक टोक जाड पिनेला, दुसरं बारीक पिनांना आळीपाळीने: काहीही दाखवता कामा नये. जाड पिन आणि इस्त्रीचा पत्रा यांत मात्र बीप यायलाच हवा.

गीझर लावला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो, अशी तक्रार बोअरच्या पाण्याच्या घरांतून जास्त येते. क्षाराचे थर चढून एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीचं, आवरण फुटलेलं असतं. लोक वैतागून आरसीसीबी काढून टाकायला सांगतात. तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो म्हणून तुम्ही अंघोळ करून बाहेर येताय. एलिमेंट बदला.

काही वस्तू मी स्वतः उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. मायक्रोवेव्हच्या आत हजारो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. फ्रिजचं रबर आपण बघावं: दारात कागदाचा कपटा अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर सैल झालंय. मागची धूळ झाडावी. पण गॅसच्या नळ्यांना हात नको. बऱ्याच नव्या फ्रिजांत ज्वलनशील गॅस असतो.

सगळं परत जोडलं की पहिली चाचणी भांडं न लावता, दोन सेकंदांची, चेहरा लांब ठेवून. आवाज ऐका, वास घ्या. मग पाच सेकंद. मग भांड्यात नुसतं पाणी घालून. आणि चाचणीच्या आधी इडलीपात्राकडे बघा. एखाद्या खळग्यात स्क्रू उरला असेल तर ‘चालतंय की’ म्हणून तो डबीत टाकू नका, परत उघडा.